न फाटणाऱ्या आलेखाची गोष्ट

आजचा भाग कानांनी ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला जास्त सोपा आहे, त्यामुळे ज्यांनी लोकलमध्ये अर्धवट ऐकून सोडून दिला असेल त्यांच्यासाठी हे लिखाण. नेहमीप्रमाणे बोललेलं तसंच्या तसं नाही, थोडं झाडून-पुसून लिहिलंय.

सुरुवात एका टी-शर्टपासून करतो. काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या आडव्या रेघा, आणि मधोमध त्या रेघा डोंगरासारख्या वर उठलेल्या. कॉलेजच्या आवारात, गाण्याच्या कार्यक्रमात, रस्त्यावरच्या स्टॉलवर, कुठे ना कुठे तुम्ही तो पाहिलेलाच आहे. बऱ्याच जणांना माहीत असतं की हे 'जॉय डिव्हिजन' नावाच्या ब्रिटिश बँडच्या १९७९ सालच्या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ. पण हे कुणा चित्रकाराच्या डोक्यातून आलेलं डिझाइन नाही. तो एक आलेख आहे. अगदी खराखुरा, पीएचडीच्या प्रबंधातला, आकाशातल्या एका ताऱ्याचा आलेख.

आणि मला आज ज्याबद्दल बोलायचंय, ती आलेखाच्या रेघेची गोष्ट याच टी-शर्टवरून नीट सांगता येते.

ताऱ्याची नाडी

१९६७ साल. केंब्रिजमध्ये जॉसलिन बेल नावाची एक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीवर काम करत होती. तेव्हा दुर्बिणीतून आलेला संदेश स्क्रीनवर दिसत नसे. एक पेन कागदाच्या लांबलचक पट्टीवर थरथरत रेघ ओढत जायचं, ईसीजी काढताना होतं ना, तसंच. रोज सुमारे ९६ फूट कागद! आणि तो सगळा डोळ्यांनी तपासायचं काम जॉसलिनकडे. त्या फूटच्या फूट कागदात तिला एका जागी जेमतेम नखाएवढी विचित्र खरखर दिसली. तिने ती सोडून दिली नाही. पुढे कळलं की दर १.३३७ सेकंदांनी ठोका पडावा तसा तो संदेश येतोय. हा पहिला सापडलेला पल्सार. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जी जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, तिच्या कामांपैकी एक मोठं काम म्हणजे असेच पल्सार अभ्यासणं.

जॉसलिनच्या शोधानंतर थोड्याच वर्षांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या हॅरल्ड क्राफ्टने प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीवरून याच पल्सारचे ठोके मोजले. लागोपाठचे ८० ठोके त्याने एकाखाली एक मांडले आणि कॉम्प्युटरकडून आलेख काढून घेतला. पुढची रेघ उंच असेल तर मागची तिच्याआड लपली पाहिजे, याचीही सोय त्याने प्रोग्रॅममध्ये केली होती. १९७० च्या त्याच्या प्रबंधात हे चित्र आलं.

आता ऐका. कॉम्प्युटरने काढलेल्या त्या रेघा छपाईसाठी फिक्या होत्या. म्हणून विद्यापीठातल्या आरेखन करणाऱ्या एका बाईंनी तो आलेख काळ्या शाईने पुन्हा हाताने गिरवला. म्हणजे मोजमाप दुर्बिणीचं, हिशेब कॉम्प्युटरचा, पण शेवटची रेघ एका माणसाच्या हाताची. जगभरच्या टी-शर्टांवर गेलेला आलेख खरं तर एका अनामिक बाईच्या मनगटातून उतरलाय.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात आजचा आपला प्रश्न पूर्ण दिसतो. शोध लावणं एक काम, आणि तो शोध स्वच्छ रेघेत लोकांपर्यंत पोचवणं दुसरं काम. दुसरं काम पुष्कळदा पहिल्याइतकंच अवघड असतं.

इमेज फाटते म्हणजे काय होतं?

तुमच्यापैकी कुणी वाढदिवसाचा किंवा गणेश मंडळाचा फ्लेक्स करायला दुकानात गेलं असेल, तर दुकानदाराचं ठरलेलं वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. "दादा, ही इमेज फाटेल. ओपन फाईल नाही का?" मोबाईलवर झकास दिसणारा लोगो दहा फुटी फ्लेक्सवर नेला की त्याचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. यालाच फाटणं म्हणायचं.

असं का होतं? कारण चित्र साठवायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली ठिपक्यांची. जेपीईजी किंवा पीएनजी फाईल म्हणजे चौकटीच्या वहीचं एक पान. प्रत्येक चौकटीत एक रंग भरलेला. पायथनमधली मॅटप्लॉटलिब ही आलेख काढायची लायब्ररी काही न सांगता पीएनजी फाईल बनवते तेव्हा ती ६४० आडव्या आणि ४८० उभ्या चौकटींची असते. एकूण ३ लाख ७ हजार २०० ठिपके. ऐकायला भरपूर वाटतात. पण चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके लागतात असं धरलं, तर हे चित्र छापल्यावर दोन इंचांहून जरासंच रुंद होतं. म्हणजे काडेपेटीएवढं! त्याहून मोठं केलंत की फाटणार.

दुसरी पद्धत सांगण्याची. जुन्या दिवाळी अंकांत रांगोळ्या छापलेल्या असायच्या, खाली लिहिलेलं असायचं, '१५ ते ८ ठिपके'. तेवढ्यावर कुणी उंबऱ्यापाशी वीतभर रांगोळी काढायचं, कुणी अख्खं अंगण भरायचं. रांगोळी फाटली का? नाही. कारण अंकातून घरी आली होती ती कृती. कुठले ठिपके कुठल्या रेघेने जोडायचे एवढंच. आकार ज्याच्या त्याच्या अंगणाचा.

एसव्हीजी ही फाईल अशी कृती असते. 'इथे पेन ठेव, तिथपर्यंत सरळ रेघ ओढ, मग या वळणाने खाली ये, रेघेची जाडी इतकी, रंग निळा.' बघणारं यंत्र, म्हणजे तुमचा मोबाईल, प्रोजेक्टर किंवा प्रिंटर, ती कृती वाचतं आणि आपल्याजवळ जेवढे ठिपके आहेत तेवढ्यांत दर वेळी चित्र नव्याने काढतं. झूम करा, पुन्हा काढतं. म्हणून रेघ कायम धारदार.

पेन उचल, पेन टेक

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं की आधी ठिपके आले आणि मग कुणीतरी हुशारी करून ही रेघांची पद्धत शोधली. प्रत्यक्षात उलट घडलं.

आलेखांचा इतिहास साधारणपणे विल्यम प्लेफेअरपासून सांगतात. १७८६ साली या स्कॉटिश गृहस्थाने इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे तक्त्यात न मांडता रेघांनी दाखवले. स्तंभालेखही त्याच पुस्तकात आला, कारण स्कॉटलंडची एकाच वर्षाची आकडेवारी हाताशी होती, आणि एका वर्षाच्या आकड्यांतून चढउताराची रेघ कशी काढणार? हे आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. म्हणजे रेघच.

कॉम्प्युटर आला तेव्हाही तसंच. १९५९ साली अमेरिकेत कॅलकॉम्प कंपनीचा ५६५ नावाचा ड्रम प्लॉटर बाजारात आला. एका रुळावर कागद पुढे-मागे फिरायचा, त्याच्यावर पेन डावी-उजवीकडे सरकायचं, एकेका पावलाला इंचाचा शंभरावा भाग. कॉम्प्युटर त्याला सांगायचा तरी काय? पेन उचल. इकडे सरक. पेन टेक. तिकडे सरक. बस्स. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' केलं, ज्यात प्रकाशाच्या पेनाने थेट पडद्यावर रेघ काढता यायची. तिथेही कॉम्प्युटरच्या स्मरणात बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघाच होत्या. लाखो ठिपके लक्षात ठेवण्याएवढी मेमरी तेव्हा परवडतच नव्हती!

मेमरी स्वस्त झाली, ठिपक्यांचे पडदे आले, आणि रेघा मागे पडल्या. पण शास्त्रज्ञांची पंचाईत वेगळीच होती. प्रत्येक प्लॉटरची, प्रत्येक पडद्याची, प्रत्येक प्रिंटरची भाषा निराळी. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राला कळत नसे.

यावर एक उत्तर १९८६ साली थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली या दोघांनी काढलं. त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे न्यूप्लॉट. आज्ञा एकच द्यायची, आलेख काढ. कुठल्या यंत्रावर काढायचा ते वेगळं सांगायचं, टर्मिनल अमुक. ज्याने आज न्यूप्लॉट वापरलंय त्याला माहीत असेल, एसव्हीजी फाईल हवी असली तरी आपण 'सेट टर्मिनल एसव्हीजी' असंच लिहितो. टेबलावर तेव्हाचं ते जाडजूड टर्मिनल उरलेलं नाही, पण शब्द तसाच चिकटून राहिलाय. आपण अजून फोन 'ठेवतो' ना, तसं.

एका प्रिंटरने केलेली क्रांती

दुसरं उत्तर छपाईच्या जगातून आलं. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघे झेरॉक्सच्या पार्क या संशोधनकेंद्रात होते. छापायच्या पानाचं वर्णन करणारी 'इंटरप्रेस' नावाची भाषा त्यांनी तिथे तयार केली होती. कंपनी ती बाहेर आणायला काही तयार होईना. शेवटी १९८२ साली दोघे बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. वॉर्नॉकच्या घरामागून एक ओढा वाहायचा, त्याचं नाव अडोबी. तेच कंपनीला दिलं.

त्यांची भाषा पोस्टस्क्रिप्ट, १९८४ सालची. पुढच्या वर्षी अ‍ॅपलचा लेझररायटर प्रिंटर ती भाषा बोलत बाजारात आला. आता पान म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम झाला. त्यातल्या दोन आज्ञा लक्षात ठेवा, मूव्हटू आणि लाइनटू. म्हणजे काय? पेन उचलून सरक, आणि पेन टेकवून सरक. कॅलकॉम्पचं पेन गेलं, त्याची बोली राहिली!

पुढची कितीतरी वर्षं विज्ञानाच्या नियतकालिकांत लेख पाठवायचा तर आलेख ईपीएस फाईलमध्ये मागितला जाई. ईपीएस म्हणजे पोस्टस्क्रिप्टचंच आटोपशीर रूप. १९९३ साली पीडीएफ आलं, तेही याच घराण्यातलं.

पण ही सगळी कागदाची तयारी होती. तोपर्यंत दुनिया वेबवर निघाली होती, आणि वेबच्या पानावर मात्र ठिपक्यांचंच राज्य होतं.

ब्राउझरांची भांडणं

१९९८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे रेघांच्या चित्रांसाठी एकूण ६ प्रस्ताव आले. एका बाजूला अडोबी, आयबीएम, नेटस्केप आणि सन यांचा पीजीएमएल. दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्ट आणि सोबत्यांचा व्हीएमएल. कुणाचा एकाचा स्वीकारला तर दुसरा रुसणार. म्हणून संस्थेने एक गट बसवला आणि सगळ्यांतून शिकून नवीनच भाषा घडवली. स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स, थोडक्यात एसव्हीजी. ४ सप्टेंबर २००१ रोजी तिला अधिकृत मान्यता मिळाली.

मानक झालं म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं. पण मानक कागदावर असतं आणि माणसं ब्राउझरमध्ये असतात. फायरफॉक्सने २००५ साली एसव्हीजी दाखवायला सुरुवात केली. पण तेव्हा आपल्याकडच्या सायबर कॅफेत बसलं की समोर ते निळं 'ई' असायचं, इंटरनेट एक्स्प्लोरर. त्याला एसव्हीजी स्वतःहून कळायला २०११ साल उजाडलं, नवव्या आवृत्तीत. मान्यतेनंतर दहा वर्षांनी! मधल्या काळात वेगळं प्लगइन टाकून बघावं लागायचं.

मग बाकीच्यांचं काय झालं? व्हीएमएल इतिहासजमा झालं. वेबवर हलत्या चित्रांचा राजा असलेलं फ्लॅश २०२० च्या ३१ डिसेंबरला अधिकृतपणे बंद पडलं. त्यात रचलेल्या कितीतरी गोष्टी आज साध्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. पण २००१ च्या नियमांनी नीट लिहिलेली एसव्हीजी फाईल आज तुमच्या खिशातल्या मोबाईलवर उघडते. कारण तिची भाषा सगळ्यांसमोर लिहून ठेवलेली आहे, ती कुणा एका कंपनीच्या कुलपात नाही. विज्ञानात याचं मोल फार आहे. आजचा पुरावा वीस वर्षांनी कुणाला तपासता आला नाही, तर तो पुरावा कसला?

एक डोंगल आणि रांगेत उभे सगळे

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस. जॉन हंटर.

जॉन शिकागोमध्ये मेंदूवर संशोधन करत होता. विषय अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार. रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक इलेक्ट्रोड ठेवून जे विजेचे संदेश मिळतात, त्यांचे आलेख तो आणि त्याचे सहकारी तपासायचे. फिट नेमकी कुठून सुरू होते ते शोधायचं, कारण डॉक्टरांचा निर्णय त्यावर अवलंबून. आलेख स्वच्छ असणं ही इथे हौस नव्हती.

पण हे संदेश वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची प्रयोगशाळेत एकच प्रत होती, आणि ती चालवायला एक डोंगल लागायचा. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची किल्ली. विद्यार्थी, डॉक्टर, संशोधक, सगळे तो एकच डोंगल पाळीपाळीने वापरायचे. चाळीत एकच नळ असावा तसं. जॉनने आधी दुसऱ्या एका विकतच्या सॉफ्टवेअरात, मॅटलॅबमध्ये, पर्याय लिहिला. काम वाढत गेलं तशा त्याच्याही मर्यादा लागल्या. मग त्याने पायथनमध्ये सगळं नव्याने लिहायला घेतलं आणि २००३ साली मॅटप्लॉटलिब लोकांसाठी खुलं केलं. फुकट, आणि आतला कोड सगळ्यांना दिसेल असं.

त्याची मांडणी समजून घ्या, म्हणजे एसव्हीजी फाईल बनते कशी ते कळेल. वरच्या थरात तुमचा आलेख. अक्ष, रेघा, बिंदू, मथळा. खालच्या थरात त्याने ठेवले निरनिराळे 'बॅकएंड', म्हणजे काढणारे कारागीर. एक कारागीर ठिपके भरतो आणि पीएनजी देतो. दुसरा पीडीएफ लिहितो. तिसरा एसव्हीजी. वरच्या थराला याचं काही सोयरसुतक नाही. तुम्ही 'सेव्हफिग' आज्ञेत फाईलच्या नावाच्या शेवटी पीएनजीच्या जागी एसव्हीजी लिहिता, आणि आत कारागीर बदलतो. तीन अक्षरांचा फरक!

याच सुमारास इतरही लोक याच वाटेने चालले होते. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सांख्यिकीसाठी आर ही भाषा केली. तिची पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची. आपल्या पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी पायथनसाठी 'मायावी' घडवलं, त्रिमितीय आलेख काढणारं. नाव किती चपखल आहे बघा. आणि २०११ साली स्टॅनफर्डमधून माइक बोस्टॉक आणि त्याच्या साथीदारांचं डीथ्री आलं. वर्तमानपत्रांच्या साइटवर बोट ठेवलं की आकडा सांगणारे जे आलेख तुम्ही बघता, त्यांतले कितीतरी डीथ्रीने बनवलेले एसव्हीजी असतात.

२००८ साली फिनिक्स हे यान मंगळावर उतरलं तेव्हा त्याची माहिती बघायला मॅटप्लॉटलिब वापरलं गेलं. २०१९ साली कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्या संशोधनाच्या हत्यारांतही ते होतं. जॉनला हे दुसरं बघायला मिळालं नाही. २०१२ च्या जुलैमध्ये त्याने एका परिषदेत मॅटप्लॉटलिबवर मुख्य भाषण केलं. लगेच नंतर कॅन्सर असल्याचं कळलं. २८ ऑगस्टला तो गेला. वय ४४. घरी पत्नी आणि तीन मुली. त्याचं काम इतरांनी उचललं आणि ते आजही चालू आहे. त्याच्या प्रयोगशाळेत एका डोंगलसाठी थांबावं लागायचं. आज एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी जुन्या लॅपटॉपवर कुणाचीही परवानगी न मागता त्याच दर्जाचा आलेख काढते. याला मी वारसा म्हणतो.

फाईलच्या पोटात

एसव्हीजी फाईल नोटपॅडमध्ये उघडता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उघडून बघा. आत साधी अक्षरं आणि आकडे दिसतील. 'पाथ' नावाच्या ओळीत एम अक्षर आणि दोन आकडे, मग एल आणि दोन आकडे, पुन्हा एल आणि दोन आकडे. एम म्हणजे मूव्ह, पेन उचलून सरक. एल म्हणजे लाइन, पेन टेकवून सरक. ओळखीचं वाटलं? १९५९ चं ते पेन अजून चालतंय!

एक खोच आहे. शाळेत आपण य अक्ष खालून वर मोजायला शिकलो. एसव्हीजीत शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि आकडे खाली जाताना वाढतात. फाईल हाताने दुरुस्त करायची असेल तर हे ध्यानात असू द्या.

याचा अर्थ असाही होतो की आलेखाची मोजमापं फाईलमध्येच असतात. जेपीईजी आलेखातले आकडे परत काढायचे तर कुणालातरी एकेका बिंदूवर क्लिक करत बसावं लागतं. एसव्हीजीतून ते बरेच अचूक काढता येतात. हे चांगलंही आहे आणि जपायची गोष्टही आहे. एखाद्या रुग्णाचं नाव लपवायला त्यावर पांढरा चौकोन ठेवलात, तर चित्रात नाव झाकलं जातं, पण फाईलच्या पोटात ते तसंच असतं. लपवायचं ते पुसून टाका. झाकून भागणार नाही.

सगळीकडे एसव्हीजीच वापरा, असं मात्र मी सांगणार नाही. दहा लाख बिंदूंचा आलेख असेल तर दहा लाख बिंदूंची कृती लिहावी लागते. फाईल फुगते, ब्राउझर धापा टाकतो. उपग्रहाचा फोटो तर मुळात ठिपक्यांचाच असतो. अशा वेळी मधला मार्ग आहे. मॅटप्लॉटलिबमध्ये 'रास्टराइज्ड' असा पर्याय देऊन फक्त बिंदूंची गर्दी ठिपक्यांत साठवायची आणि अक्ष, आकडे, मथळा रेघांत ठेवायचे.

पर्जन्यमान नीट लिहिता आलं पाहिजे

आता शेवटचा मुद्दा, आपल्या घरचा. आलेखावर मराठी.

एसव्हीजीत अक्षरं दोन तऱ्हांनी ठेवता येतात. एक, अक्षराचा आकार रेघांत बदलून. मग ते कुठेही तसंच दिसतं, पण ते अक्षर उरत नाही, चित्र होतं. शोधता येत नाही, कॉपी होत नाही, आणि अंध व्यक्तीच्या मोबाईलमधला स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. दोन, अक्षर म्हणूनच ठेवायचं आणि ते दाखवायचं काम ब्राउझरवर सोपवायचं.

इंग्रजीत दोन्हींनी काम भागतं. मराठीत घोळ होतो. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉन्ट डेजाव्हू सॅन्स, त्यात देवनागरी नाही. म्हणून अक्षरांच्या जागी रिकामे डबे दिसतात. फॉन्ट बदलला तरी प्रश्न उरतो, कारण आपली अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाहीत. 'किती' शब्दात पहिली वेलांटी कॉम्प्युटरच्या साठ्यात क नंतर असते, पण दिसायला क च्या आधी हवी. 'पर्जन्यमान' मधला रफार ज च्या डोक्यावर चढायला हवा, न आणि य जोडले जायला हवेत. ही जुळणी करणारी यंत्रणा आलेखाच्या पुष्कळ सॉफ्टवेअरांत वर्षानुवर्षं नव्हती. ती ब्राउझरमध्ये मात्र असते, म्हणून तर तुम्ही हे वाचू शकताय.

म्हणजे उपाय एसव्हीजीतच आहे. मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप' नावाची एक किल्ली आहे. ती आपोआप 'पाथ'वर असते. ती 'नन' करा आणि फॉन्ट देवनागरीचा द्या. आता मराठी शब्द फाईलमध्ये शब्द म्हणूनच जातात आणि ब्राउझर त्यांची जुळणी बिनचूक करतो. पाहणाऱ्याच्या यंत्रात देवनागरी फॉन्ट असायला हवा, तो आजच्या बहुतेक मोबाईलमध्ये असतो. सॉफ्टवेअरने केलेलं रुंदीचं माप थोडं इकडेतिकडे होऊ शकतं, तेवढं बघून घ्या.

मी याला एवढं महत्त्व का देतोय? कारण धरणातला साठा, डेंग्यूचे रुग्ण, कांद्याचा भाव, हे आलेख ज्यांच्यासाठी काढायचे त्यांतले कितीतरी जण मराठीच वाचतात. जुळणी मोडली की आपल्यातले बहुतेक जण वैतागून इंग्रजी मथळा टाकतात आणि पुढे जातात. मग ज्याच्या विहिरीचं पाणी आलेखात आहे, त्यालाच तो आलेख परका होतो. एक सेटिंग बदलून हे टळत असेल तर ते बदलावं.

तर या आठवड्याचा गृहपाठ. कुठलाही छोटा आलेख काढा, तुमच्या महिन्याच्या वीजबिलाचा काढा हवं तर. मथळा मराठीत द्या, एसव्हीजीत साठवा, ब्राउझरमध्ये उघडा आणि बोटांनी पार टोकापर्यंत झूम करा. मग तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडून एम आणि एल शोधा. मित्राला पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा ठिपक्यांत जाईल.

काही अडलं तर विचारा, मथळ्यासाठी निवडलेला शब्दही कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!